थांबा नानांचं रॉकेट

तीस वर्षं जमिनीच्या पोटात सुरुंग लावून विहिरी फोडणारा माणूस शिट्टी न झालेल्या कुकरला भीत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. त्यांच्या घरात भाड्यानं राहायला जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. माझ्या खोलीतल्या कुकरची शिट्टी होईना, म्हणून मी ती चमच्यानं हलवायला गेले, तोच अंगणातून आवाज आला, "थांबा!" आवाज असा, की हात आपोआप मागे आला. नाना आत आले, हात लांब करून त्यांनी गॅस बंद केला, मला बाहेर काढलं आणि नानींसकट आम्हा दोघींना ओट्यावर बसवलं. चांगला अर्धा तास. शेवटी कुकरचं रबर गेलं होतं, एवढंच निघालं. डाळ कच्चीच राहिली. नानी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सवय करून घ्या बाई. ह्या घरात असे उपास लय घडतेत."

गाव त्यांना 'थांबा नाना' म्हणे. तोंडावर म्हणत नसत, पण फार लपवतही नसत. दिवाळीत गल्लीत एखादा फटाका न वाजता पडून राहिला, की नाना खुर्ची घेऊन येत, शेजारी पाण्याची बादली ठेवत आणि त्या फटाक्यापासून दहा पावलांवर बसून राहत. तोवर सगळ्यांनी पलीकडच्या गल्लीतून जायचं. एकदा खुद्द सरपंचांची मोटारसायकल त्यांनी अशी वळवली.

"नाना, फुसका हाय तो," सरपंच वैतागून म्हणाले.

"फुसका हाय का न्हाई ते त्याला ठरवू द्या," नाना म्हणाले, आणि खुर्ची जराही सरकवली नाही.

उंच, वाळलेली देहयष्टी, डोक्याला पांढरा रुमाल. उजवा कान कामातून गेलेला, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन बसावं लागे. घरात पूर्वी मेंढ्या होत्या. बापामागं रानोमाळ हिंडायचं सोडून नानांनी तरुणपणी परभणीकडच्या एका उस्तादाच्या हाताखाली सुरुंगाचं काम धरलं. घनसावंगीपासून अंबडपर्यंत त्यांनी किती विहिरी फोडल्या, याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती, पण प्रत्येक विहीर तिच्या दगडावरून लक्षात होती. एसटीतून जाताना खिडकीबाहेर बोट करून सांगत, "ही मुरमाची. दोन बारात पानी. ती पलीकडली काळ्या पाषाणाची, लय रडवलं तिनं." माणसांची नावं ते विसरत, दगड विसरत नसत. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी हे काम सोडून पुष्कळ वर्षं झाली होती. का सोडलं, हे कोणी सांगत नव्हतं, आणि नव्या भाडेकरणीनं विचारावं अशी ती गोष्टही दिसत नव्हती.

गाव कुंभार पिंपळगावपासून थोडं आत. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्रशालेत विज्ञान शिकवत होते. माहेर नाशिकचं. एका सुट्टीत माझ्या भावानं मला एक खोकं आणून दिलं. नवशिक्यांसाठीचं, फारशी जोडाजोड न करता उडवता येणारं रॉकेट होतं त्यात. दीड फूट उंचीची पुठ्ठ्याची नळी, लाल टोक, खाली तीन पंख, पोटात घडी घालून ठेवलेली पातळ प्लास्टिकची छत्री. सोबत अंगठ्याएवढी दोन इंजिनं, रॉकेट उभं करायची सळई, लांब वायर आणि बटणाची डबी. नववीला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम फळ्यावर शिकवणारी मी ते पाहून आधी हरखले आणि मग घाबरले. मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, काही झालं तर?" खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. खोकं कपाटावर गेलं आणि वर्षभर धूळ खात पडलं.

पावसाळ्याआधी पत्रा ठोकायला नाना माझ्या खोलीत आले, तेव्हा त्यांची नजर त्यावर गेली. खाली काढून त्यांनी ते पुसलं आणि खोक्यावरची चित्रं बघत बसले. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, मराठीही जोडून जोडून वाचत.

"ही बॅटरी. ही वायर. हे तारेचं टोक बुडातून आत घालायचं, तार तापती, मंग आतली दारू पेट घेती. बराबर?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. हेच समजायला मला इंटरनेटवरचे चार व्हिडिओ बघावे लागले होते.

"हे तर आमचंच काम हाय की बाई! आमचा बार दगडात जायचा, ह्यांचा वर जातो, एवढाच फरक." मग डबीत खोचायची छोटीशी चावी त्यांनी चिमटीत धरली. "ही कुनाजवळ ऱ्हाती?"

"डबीलाच लावायची असते."

"उडवताना. पन जो मानूस रॉकेटजवळ जातो, ही त्याच्या खिशात पायजे. दुसऱ्या कुनाच्या बी न्हाई."

सोबतच्या माहितीपत्रकात नेमकं हेच लिहिलं होतं. मी ते वाक्य वाचून सोडून दिलं होतं.

पुढं थंडीत कापूस वेचून झाला तेव्हा नानांनीच विषय काढला. शाळा सुटल्यावर तीन दिवस बसून त्यांनी ते पत्रक माझ्याकडून मराठी करून अख्खं वाचून घेतलं. वारा किती चालतो, माणसं किती लांब उभी करायची, छत्री जळू नये म्हणून नळीत कसला कागद कोंबायचा. तिसऱ्या दिवशी मी वाचलं, "बटण दाबूनही रॉकेट उडालं नाही, तर चावी काढा आणि एक मिनिट थांबा. त्याआधी कोणीही जवळ जाऊ नये."

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"एकच मिनिट?"

"हो. यात दारू अगदी थोडी असते ना."

"आमच्या उस्तादानं अर्धा तास सांगितल्ता," एवढं बोलून नाना उठले आणि गोठ्याकडे निघून गेले.

नानी शेजारी शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता मला सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ किसन त्यांच्याच हाताखाली काम करायचा. नानी लग्न होऊन आल्या तेव्हा तो सहा वर्षांचा होता, नानींच्याच हाताखाली मोठा झाला. बावीस वर्षांमागं एका विहिरीत बार लावला, तो उडाला नाही. किसन लगेच खाली उतरला, आणि मग तो उडाला. "लय आगाऊ व्हता," नानी म्हणाल्या. "ह्यांनी थांब म्हनलं आसंल, ऐकलं न्हाई. समदं गाव तेच म्हनतं." किसनची बायको शांता तीन वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी वडीगोद्रीला गेली, ती या गावात परत आली नाही.

फेब्रुवारीत, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या नानांच्या रानात आम्ही चाचणी घेतली. सकाळची वेळ, मी, नाना आणि नानी, तिघंच. नानांनी चिमूटभर माती सोडून वारा पाहिला, सळई किंचित वाऱ्याकडे कलती केली, भोवती चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल आखला. मग डबीपाशी येऊन तोंडाभोवती हात धरले आणि चारी दिशांना हाळी दिली, "बार हाय होऽऽ! बार हाय! सरका!" ती हाळी त्या शिवारात बावीस वर्षं कोणी ऐकली नव्हती. पलीकडे ज्वारी काढणाऱ्या बायका विळे टाकून बांधाआड बसल्या. एका म्हाताऱ्यानं घाईघाईनं बैल फिरवले. हे पुठ्ठ्याचं रॉकेट आहे, असं त्यांना ओरडून सांगायची मला लाज वाटली.

मी उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं. सुईऽऽ आवाज झाला, पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ उमटली आणि रॉकेट दिसेनासंच झालं. मग अगदी वर छत्री उघडली. मी चाळिशीला आलेली बाई, पण त्या ढेकळांत उड्या मारल्या. वळून पाहते, तर नाना रॉकेटकडे पाठ करून उकिडवे बसलेले, दोन्ही हात डोक्यावर, मान गुडघ्यात.

"नाना!"

"झालं का?"

"झालं! वर बघा ना, वर!"

त्यांनी मान उचलेपर्यंत छत्री शेजारच्या मोसंबीच्या बागेत उतरली होती. नानी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "गेलं बी अन् आलं बी. तुमी बसा अंडी उबवत."

दुसऱ्याच दिवशी नाना स्वच्छ धोतर नेसून शाळेत आले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "काही झालं तर काय, ते मला इचारा. बाईला नका इचारू." त्यांनी एकेक गोष्ट अशी सांगितली, की मुख्याध्यापकांनी परवानगी तर दिलीच, वर तालुक्याहून एक पाहुणे बोलावले. मैदानावर मांडव पडला. मुलं रांगांत बसली, गावातली माणसं भिंतीकडेला उभी राहिली. नानांनी हाळी दिली, सगळ्या शाळेनं आकडे मोजले, मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं, तरी काही नाही. मैदानभर "हॅऽऽ" असा आवाज गेला. आमचे खेळाचे सर उठले आणि रॉकेटकडे निघाले. "वायर सुटली असेल, बघून येतो."

नाना त्यांच्या आडवे गेले. दोन्ही हात पसरलेले, एका मुठीत डबीतून ओढून काढलेली चावी. "थांबा."

कोणीतरी "आले थांबा नाना!" म्हणालं आणि हशा पिकला. मिनिट गेलं, दोन गेली. मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. "मॅडम, पत्रकात एकच मिनिट आहे ना? पाहुण्यांना पुढं जायचंय. सांगा यांना."

पत्रकात एकच मिनिट होतं. ते मला माहीत होतं, आणि नानांनाही. सगळं मैदान माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांचे हात तसेच पसरलेले होते.

"सर, थांबूया," मी म्हणाले.

पाहुणे निघून गेले. त्यांच्यामागे अर्धं गाव गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या ऑफिसात या." मी मुलांकडून उन्हात गाणी म्हणून घेतली, पाढे म्हणून घेतले. अर्धा तास झाल्यावर नाना एकटे गेले, चावी खिशात, मलासुद्धा येऊ दिलं नाही. वायरचा चिमटा घसरला होता, बस्स. तो नीट लावून, घाम पुसत ते परत आले. आता मी त्यांना खांद्याला धरून रॉकेटकडे तोंड करून उभं केलं. "या खेपेला बघायचं."

रॉकेट गेलं. उरलेली मुलं जिवाच्या आकांतानं ओरडली. नाना कपाळावर हात धरून बघत राहिले, धूर विरेपर्यंत, छत्री हलत हलत मैदानाच्या कोपऱ्यात टेकेपर्यंत. मग मला हळूच म्हणाले, "कुनाला लागलं न्हाई ना?"

"नाही नाना."

"बिलकुल?"

"बिलकुल नाही."

ते तिथंच मातीत बसले आणि डोक्याचा रुमाल काढून किती तरी वेळ तोंड पुसत राहिले.

घरी जाताना ते मुद्दाम माझ्या उजव्या बाजूनं चालले, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे राहील. पण बोलले मात्र नानाच. "ते सर जे म्हनले ना बाई, तेच किसननं म्हनल्तं. 'वायर सुटली आसंल दादा, बघून येतो.' दिस बुडत आल्ता. मला जल्दी झाल्ती, दुसऱ्या गावात काम धरल्तं. मी म्हनलो, जा." पुढं म्हणाले, "गाव म्हनतं त्यानं ऐकलं न्हाई. त्यानं ऐकलं. माझंच ऐकलं."

"नानींना माहितीय?"

"कुनालाच न्हाई."

घर येईपर्यंत मी त्यांच्या त्या कानाच्या बाजूनंच चालत राहिले.

आठवड्यानं त्यांनी मला स्कूटीवरून वडीगोद्रीला न्यायला सांगितलं. शांताबाईंचं हायवेच्या कडेला चहा-भज्यांचं छोटं हॉटेल होतं. कढईपाशी त्यांचा मुलगा गोरख, आता पंचविशीचा. शांताबाईंनी नानांना ओळखलं आणि नकळत पदर डोक्यावर घेतला. नाना बसले नाहीत. मला जे सांगितलं होतं ते त्यांनी उभ्याउभ्या, त्याच शब्दांत सांगितलं.

शांताबाई बराच वेळ टेबल पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ते इचारून उतरल्ते?"

"हाव."

"आगाऊपना केला न्हाई त्यांनी."

"न्हाई. माझ्या शब्दानं गेला."

"माझं लेकरू आगाऊ बापाचं पोरगं म्हनून वाढलं, भावजी. सोयरिकीला गेलो तरी लोकं तेच काढायचे. आन् तुमी बावीस वर्सं गप?" त्यांचा आवाज चढला नाही. कढईतली भजी काळी पडत होती, पण गोरखनं झारा उचलला नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. "मला सांगून काय फायदा? ते कसे व्हते ते मला म्हाईत व्हतं. गावात सांगा."

आम्हाला कोणी चहा विचारला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली असताना नाना उभे राहिले. सरपंच होते, भजनी मंडळ होतं, देवळात आलेल्या बायका होत्या, नानी आणि मीही होते. ते म्हणाले, "किसन आगाऊ नव्हता. त्यानं मला इचारलं आन् मी जा म्हनलो."

टाळ हातातल्या हातात राहिले. कोणीतरी समजुतीनं म्हणालं, "झालं गेलं नाना, आता कशाला?"

"लय उशीर झालाय म्हनून," नाना म्हणाले, आणि एकटेच घरी गेले.

नानी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि आत जायच्या. नाना मुकाट जेवायचे. मी शाळेतून येऊन माझ्या खोलीत बसायचे आणि भिंतीपलीकडची ती शांतता ऐकायचे. वाटायचं, हे सगळं माझ्या खोक्यानं केलं. मग एका दुपारी मी बाहेर आले, तर नानी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या होत्या आणि विचारत होत्या, "त्या दिसी तो जेवला व्हता का?"

"जेवला व्हता," नाना म्हणाले. "तू दिलेल्या दशम्या. माझ्यातली बी एक घेतली."

नानींनी मान हलवली आणि दोघं तशीच बसून राहिली. मी पाय न वाजवता आत गेले.

त्याच जूनमध्ये माझी बदली भोकरदन तालुक्यात, राजूरजवळच्या एका गावी झाली. सामानाच्या टेम्पोचे दोर नानांनी स्वतः आवळले, सोडले, पुन्हा आवळले. पहिल्या वर्षी दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. तिथल्या विहिरींना दगड कोणता लागतो, एवढंच विचारायचे. मला सांगता यायचं नाही. मग मी गावात चौकशी करून ठेवायला लागले.

दीड वर्षानं ते गेले. मला कळायला दोन दिवस लागले. मी दहाव्याला पोचले. अंगणात माणसं होती, नानी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. नानांना मुलगा नव्हता. दोन मुली, दोन्ही लांब दिलेल्या. मी नानींचा हात हातात घेऊन बसले. त्या आपणहून बोलायला लागल्या.

"वडीगोद्रीला कळवायचं कुनाला धाडस झालं न्हाई बाई. कुनीतरी फोन केला आसंल. हे गेले त्या दिसी सकाळी दहा वाजता दारात मोटारसायकल हुबी. गोरख. तसाच उठून आल्ता, हाताला बेसन वाळलेलं. लेकरपनी गेलेला तो, त्यानंतर पहिल्यांदा ह्या घरात पाय टाकला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्होरं होऊन त्यानंच मडकं धरलं. नदीवर गुरुजींनी इचारलं, तुमी कोन? म्हनला, किसनचा पोरगा. ह्यांचा पुतन्या."